तालमीत मोडलेला हात

अण्णा, तुमचा फोटो भिंतीवर का नाही, असं कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. खिळा ठोकायला इथे कुणाची परवानगी लागत नाही, मुलाकडे ड्रिल मशीन आहे, हॉलची एक भिंत अख्खी रिकामी आहे. मला लावायचा नाही, म्हणून लावला नाही. कपाटात वरच्या फळीवर आहे तो, टेबलफॅनच्या खोक्यामागे. तिथे बरा आहे. हार नाही, उदबत्ती नाही. धुराने तुम्हाला तसाही खोकला यायचा.

आता हे मधेच कुठून निघालं, तर परवा एक मुलगी आलेली. कॅमेरा घेऊन. बाळकुमचं आमचं कॉम्प्लेक्स शोधताना रिक्षावाल्याने तिला माजिवड्याला फिरवलं, त्यामुळे आली ती घामाघूम. टीव्ही नवीन आलेला तेव्हा नाटकं लाइव्ह व्हायची, म्हणजे तिकडे स्टुडिओत माणूस बोलतोय आणि तेव्हाच इकडे डब्यात दिसतोय, त्यातली माणसं ती शोधतेय. माणसं मेली, म्हणून आता त्यांची पोरं शोधतेय. मला म्हणाली, "आजी, त्यातलं काहीच रेकॉर्ड नाहीये हो. ज्यांनी बघितलं त्यांच्या डोक्यातच आहे सगळं." मी म्हटलं, मग डोक्यातच राहू दे. हसली. म्हातारं माणूस खरं बोललं की यांना जोक वाटतो. मग म्हणाली, "तुमच्या वडिलांनी एकच नाटक केलं आणि कायमचं काम सोडलं. तत्त्वाचा प्रश्न होता ना?" मी विचारलं, कोण म्हणतं? म्हणाली, "सगळेच म्हणतात. खूप मानी होते म्हणे."

मानी. मी उठून चहा टाकायला गेले. आणि गॅसपाशी उभी राहून तुमच्याशी भांडले, मनातल्या मनात. ते पुरं झालं नाही. आज सून ऑफिसला गेलीय, कुकर लावलाय, तोवर लिहिते. आठवीत शाळा सुटली माझी, शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या.

तुम्ही कारखान्यात लेथवर होतात. कामगारांच्या नाटकात काम करायचात, ढाल मिळाली होती एकदा, ती घडवंचीवर असायची आणि रोज पुसायची, नाही पुसली तर काय व्हायचं ते तुम्हाला माहीत आहे. हात तुमचा आधीपासूनच सुटलेला. आमटीत मीठ कमी म्हणून, पाणी गेलं म्हणून, सुपरवायझर बोलला म्हणून. पण ते अधूनमधून. पाऊस पडतो तसं. मग ते टीव्हीवाले तुमचं नाटक बघून गेले आणि निरोप आला, आणि नौपाड्याच्या चाळीत तुम्ही एका दिवसात मोठे झालात. नाक्यावरचा पानवाला पान फुकट द्यायला लागला. नाटकातला नवरा तुम्ही. नोकरी सुटलेला, सगळा राग बायकोवर काढणारा. शेवटी ती ट्रंक उचलून निघून जाते. ते वाचून आई म्हणाली, "छान आहे हो." एवढंच म्हणाली. तुम्हाला त्यातलं काही कळलं नाही.

तुमची भीती वेगळीच होती. स्टेजवर विंगेत प्रॉम्प्टर असतो, माणूस अडला की तो हळूच वाक्य फेकतो. तुम्ही कायम त्याच्या जिवावर काम केलेलं. टीव्हीत प्रॉम्प्टर नाही, बोलला तर सगळ्या मुंबईला ऐकू जाणार. आणि चुकलं तर परत घेता येणार नाही, गेलं ते गेलं. म्हणून तुम्ही घरी तालीम लावलीत. संध्याकाळी कारखान्यातून आलात की दार लावायचं, आईने हातातलं काम टाकायचं आणि बायकोच्या जागी उभं राहायचं. तिकडे स्टुडिओत जमिनीवर खडूने फुली मारतात, नटाने तिथेच उभं राहायचं, हललं की चित्रातून बाहेर. म्हणून आपल्या स्वयंपाकघरातही तुम्ही फुली मारलीत, स्टोव्हच्या शेजारी, फरशीवर. सकाळी मी केर काढताना ती पुसायची नाही, असं सांगून ठेवलेलं. थोडी पुसट झाली की तुम्ही परत गडद करायचात.

नाटकात एक थोबाडीत होती, शेवटच्या प्रवेशात. तुम्हीच आम्हाला कौतुकाने सांगितलेलं, की स्टेजवर कुणी कुणाला खरं मारत नाही. हात गालाजवळून जातो आणि जी मार खाते तीच खाली, लोकांना दिसणार नाही अशी, टाळी वाजवते. टीव्हीत कॅमेरा जवळ, टाळी दिसेल, म्हणून तिथे कॅमेऱ्यामागे एक माणूस टाळी वाजवायला उभा. घरी कोण वाजवणार? आईने वाजवायची. तिची टाळी मागेपुढे झाली की तुम्ही म्हणायचात, "मग आवाज कसा येणार?" आणि आवाज कसा येतो ते दाखवायचात. हे थोबाडीतचं झालं. पण तुम्ही वाक्य विसरलात तरी हात उठायचा. मधेच अडलात, डोळे भिरभिरले, की पहिला हात आणि मग वाक्य. एक वाक्य तर तुमच्या काही केल्या लक्षात राहायचं नाही. "या घरात शब्द माझा चालतो." एवढंसं वाक्य. दर वेळी तिथे गाडी अडायची, दर वेळी आईच्या डाव्या कानावर हात पडायचा, आणि मग तुम्ही खणखणीत म्हणायचात, या घरात शब्द माझा चालतो. मी पाटावर बसून गृहपाठ करायचे. माझ्या वहीत त्या महिन्यातली अक्षरं बघितली असती कुणी, तर कळलं असतं.

आईला आधी हातात नाटकाचं बाड लागायचं. पुढे लागेना. तिचंही पाठ झालं, तुमचंही. आणि तिचा डावा कान वाहायला लागला. डॉक्टर खाली पुढच्या भागात राहायचे, दवाखाना तिथेच. तिने सांगितलं, कानात पाणी गेलं. डॉक्टरांच्या आईने, सगळी चाळ तिला माई म्हणायची, दारातून नुसतं बघितलं आणि म्हणाली, "नळाला येतं तेवढं पाणी कानात जातं होय गं तुझ्या?" आई हसली. मला घेऊन वर आली. संध्याकाळी परत फुलीवर.

टीव्ही अख्ख्या चाळीत एकट्या डॉक्टरांकडे. नाटकाच्या संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. खिडकीत माणसं, जिन्यावर माणसं. मी पुढे चटईवर. आई मागे, दाराला टेकून. "अहो वहिनी, पुढे या की, नवरा तुमचा." आई म्हणाली, "इथून दिसतंय." सुरुवातीचं आत्ता नको. सुरुवातीचं राहू दे. मधल्या प्रवेशावर येते. तुम्ही टेबलाशी उभे, ती बाई तांब्यातून पाणी ओततेय. ती तिचं वाक्य म्हणते, "मग मी विचारायचं तरी कुणाला?" आता तुमचं वाक्य. आणि तुम्ही गप्प. ती परत म्हणते, जरा वेगळ्या आवाजात, "सांगा ना, विचारायचं तरी कुणाला?" तुम्ही गप्प. कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "काय पॉज घेतलाय राव." लोक माना डोलावतायत. मला तुमचे डोळे दिसत होते. एवढ्याशा डब्यात, काळेपांढरे, पण तेच डोळे, भिरभिरलेले. मी मागे वळून आईकडे बघितलं.

आईचे ओठ हलत होते. मग आवाज आला. हळू होता, मग मोठा झाला. टीव्हीकडे बघून, तुम्हाला ऐकू जाईल अशी, ती म्हणाली, "या घरात शब्द माझा चालतो." दोन-तीन जण हसले. "वहिनींचं पाठ आहे बघा, यांनाच घ्यायला पाहिजे होतं." ते हसणं तोंडातच असताना आईने मान उजवीकडे टाकली, डोळे मिटले आणि दोन्ही हात डाव्या कानावर घट्ट धरले. आधी आईने हे केलं. मग टीव्हीत तुमचा हात उठला. हा क्रम लक्षात घ्या, कारण खोलीतल्या प्रत्येकाच्या लक्षात आला. थोबाडीतची जागा ती नव्हतीच, टाळी वाजवणारा माणूस तयार नव्हता. तरी आवाज आला. मला टाळीचा आवाज माहीत होता आणि दुसराही माहीत होता. हा दुसरा.

ती बाई चित्रातून बाहेर फेकली गेली. टेबल दिसतंय, तुम्ही दिसताय, ती नाही. मग ती परत आली. हातात तांब्या तसाच. तिने तो लांबून फिरवला आणि तुमच्या भुवईवर हाणला, खच्चून. रक्त काळं दिसलं. डांबरासारखं. तुम्ही टेबल धरून खाली चाललायत आणि ती परत तांब्या उचलतेय, तेवढ्यात सगळं गेलं आणि पाटी आली. व्यत्ययाबद्दल क्षमस्व. मागे सतार.

ती पाटी कुणीच वाचत नव्हतं. सगळे मागे वळून आईकडे बघत होते. तिने अजून कान धरलेला, डोळे मिटलेले, दुसऱ्या हाताची वाट बघत. माईने उठून टीव्ही बंद केला. आईला काही विचारलं नाही, मला विचारलं, "पोरी, ही तालीम घरी रोज व्हायची?" मी म्हटलं, "नाटक मिळाल्यापासून रोज. त्याच्या आधी अधूनमधून." मला वाटलेलं आई रागावेल. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं कुणी पाठीवरचं ओझं उतरवून घेतलं की बघतात. माई म्हणाली, "आज खालीच झोपा दोघी." आई म्हणाली, "नको. उद्या ते येतील, भाकऱ्या लागतील."

तुम्ही सकाळी आलात, भुवईला टाके घालून. चाळीच्या गॅलरीत बायका पाण्याच्या रांगेत. एरवी कुणी ना कुणी "आलात का भाऊजी" म्हणायचं, त्या दिवशी कुणी बादली बाजूला घेतली नाही. तुम्ही वाट काढत आलात, दार लावलंत, कडी घातलीत. आई स्टोव्हवर भाकरी टाकत होती. बिडाचा जड तवा, दांडीचा, तिने माहेरून आणलेला. मी मोरीपाशी. तुम्ही म्हणालात, "पानवाला विचारतोय, वहिनींना सगळं पाठ आहे म्हणे. माझं वाक्य तू बोललीस? सगळ्यांपुढे?"

"तुम्ही विसरलात म्हणून बोलले."

"मी विसरलो नव्हतो."

"मग मारलंत कशाला तिला?"

तुम्ही एक पाऊल पुढे आलात. आईने भाकरी उतरवून ताटात ठेवली. अगदी नीट, दुमडू न देता. मग पदर दांडीला गुंडाळून तवा उचलला, उठली, आणि जाऊन फुलीवर उभी राहिली. खडूच्या त्या फुलीवर, अण्णा, तुम्ही सांगितलेलं तस्सं, दोन्ही पाय जुळवून. तवा मागे, पाठीशी. तुम्ही तिला फुलीवर बघितलंत आणि तुमचा हात आपोआप उठला. तुम्ही ठरवायचीसुद्धा गरज नव्हती. एवढ्या दिवसांच्या तालमीत तो हात एका बोटाचाही फरक न करता एकाच जागी पडायचा. आईने त्या जागी तवा धरला.

तो आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही. हाड मोडल्याचा वेगळा आणि कातडी चरचरल्याचा वेगळा, दोन्ही एकदम. तुम्ही ओरडलात ते खालच्या दवाखान्यात ऐकू गेलं. तुम्ही गुडघ्यावर बसलात, हात पोटाशी धरून, आणि तोंडातून लाळ. मला तेव्हा दया आली नाही. आताही बघतेय येते का, नाही येत. आई तुमच्यासमोर तवा घेऊन उभी, पदराचं टोक जळत होतं ते तिने दुसऱ्या हाताने विझवलं. आणि तुम्हाला म्हणाली, "आता म्हणा वाक्य."

तुमच्या तोंडून नुसतं कण्हणं आलं.

दार ठोकायला लागले म्हणून मी कडी काढली. पहिली माई, हातात मुसळ. मागे सगळी पाण्याची रांग, कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या हातात कपडे बडवायचं धोपाटणं. माईने तुम्हाला बघितलं, तवा बघितला, फुली बघितली. मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं. डॉक्टर आले, तळव्याचे फोड बघून म्हणाले, "हे कसं झालं?" तुम्ही तोंड उघडलंत आणि माई आधी बोलली. "तालमीत लागलं त्याला. हो की नाही रे?" तुम्ही मान हलवलीत. डॉक्टरांनी पुढे विचारलं नाही. प्लास्टर घालायला तुम्हाला खाली नेलं. आईने तवा स्टोव्हवर परत ठेवला, कारण पीठ मळलेलं होतं. आणि मला म्हणाली, "ती फुली पुस."

मनगट वाकडंच जुळलं. लेथवरून तुम्हाला स्टोअरमध्ये टाकलं. वाकड्या हाताचा नवरा नाटकात कोण घेतं, ते बंद झालं. कुणी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, तालमीत मोडला, आणि लोक हळहळायचे. मग त्याचं तत्त्व कधी झालं, देव जाणे. आईवर त्यानंतर हात उठला नाही. लाजेने की भीतीने, मी विचारलं नाही. तिने पुढे कितीतरी वर्षं तुम्हाला ताटात भाकरी कुस्करून दिली, आणि देताना ती कधी हसली नाही, कधी रडली नाही. डावा कान तिचा शेवटपर्यंत बहिरा. तुम्ही तिच्या डाव्या बाजूला बसून बोलायचात, तिला ऐकू यायचं नाही, तुम्हीच तो कान घालवलेला, तरी कधी उजवीकडे येऊन बसला नाहीत. ह्याचा मला त्या माराहूनही जास्त राग आहे.

लग्न होऊन मी डोंबिवलीला गेले. तिथे भाजीच्या बाजारात ती बाई भेटली एकदा, तांब्यावाली. केस पिकलेले, पण उभं राहायची पद्धत तीच. मीच जाऊन सांगितलं मी कोण ते. ती मेथीची जुडी हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "मला परत कधी टीव्हीवर बोलावलं नाही. मी बिघडवलं ना लाइव्ह." मग म्हणाली, "ज्याने चुकून मारलं त्याचा हात कुठेही पडतो गं. तुझ्या वडिलांचा बरोबर कानावर बसला. मला तेव्हाच वाटलं, हा घरी कुणावर तरी करून आलाय. त्याच रागात दुसऱ्यांदा उचललेला तांब्या." मी म्हटलं, आईने टीव्हीवर बघितलं तुम्हाला. "मग?" म्हणाली ती. मी म्हटलं, "मग काही नाही. शिकली." तिने मला मेथी घेऊन दिली. मी नको म्हटलं तरी.

तर परवाची मुलगी. चहा झाला, म्हटलं उपाशी आलीस, भाकरी खाऊन जा. तवा तोच. आईनंतर माझ्याकडे आला, सुनेचे नॉनस्टिक दर दोन वर्षांनी कचऱ्यात जातात, हा आहे तसा आहे. मुलगी म्हणाली, "आजी, काय व्हिंटेज आहे हा," आणि कॅमेऱ्याने तव्याचं शूटिंग केलं. वरून, बाजूने, दांडीजवळून. भाकरी फुगली तेही घेतलं. तुमच्या त्या नाटकाचं सगळ्यात खरं जे काही शिल्लक आहे, ते तिने घेतलं, आणि तिला माहीत नाही. मग माईक माझ्या पदराला लावून विचारलं, "मग काम का सोडलं त्यांनी?"

मी सांगू शकत होते. तोंडाशी आलेलं. सांगितलं असतं तर तुमचं मानीपण तिथेच संपलं असतं. पण मग आईही आली असती त्यात, कान धरून, डोळे मिटून, सगळ्यांपुढे, परत. एकदा बघितलं तिला लोकांनी तसं, पुरे. मी म्हटलं, "तालमीत हात मोडला." "अरेरे," म्हणाली. "आणि ते नाटक? शेवट कसा होता?" मी म्हटलं, "बायको निघून जाते असं लिहिलेलं. आम्हाला दिसला नाही, व्यत्यय आला." "अजून काही आठवतं?" "नाही."

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. हा कागद तेलाच्या डब्याखाली घालणार आहे, फळीला डाग पडतात. पाठवायचा कुठे, तुम्हाला काय पिनकोड आहे?

आणि ते सुरुवातीचं, जे मी ठेवून दिलेलं. विसरायच्या आधी तुम्ही चांगलं काम करत होतात. खोलीत कुणी खोकत नव्हतं. तुम्ही नुसती चप्पल काढून आत आलात, तर तेवढ्यात कळलं की या माणसाची नोकरी गेलीय. मी शेजारच्या पोरीला कोपराने ढोसून म्हटलेलं, माझे अण्णा आहेत. हे मी आईला कधी सांगितलं नाही.

झालं. यापुढे विचारायचं नाही, मी काही सांगणार नाही.